दुभाष्याचे मौन

झुंपा लाहिरी यांच्या ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहाला २००० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याची चर्चा बहुधा स्थलांतरितांचे साहित्य या सदराखाली होते, आणि त्यातील शीर्षककथाही त्याच दृष्टीने वाचली जाते. अमेरिकेत जन्मलेले दास पतिपत्नी आपल्या तीन मुलांसह ओडिशात येतात. एका शनिवारी कोणार्कचे सूर्यमंदिर व परतीच्या वाटेवर उदयगिरी-खंडगिरीच्या टेकड्या पाहतात. आणि आईबापांच्या देशात परके ते परकेच राहतात, असा तिचा सारांश सांगितला जातो. हा सारांश खोटा नाही. मात्र ज्याच्या दृष्टीतून ही सहल आपल्याला दिसते, त्या कापसी यांना तो केवळ मोटारचालक करून ठेवतो.

शुक्रवार-शनिवारी प्रवाशांना हिंडवणारे हे कापसी इतर दिवशी एका डॉक्टरांकडे दुभाष्याचे काम करतात. गुजराती रोग्यांची दुखणी डॉक्टरांना कळतील अशा भाषेत सांगतात. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दास कुटुंब आणि कापसी यांच्यामध्ये भाषेची भिंत मुळीच नाही. दोन्ही पक्ष इंग्रजी बोलतात. दुभाष्याची जेथे गरज नाही, नेमकी तेथेच लेखिकेने त्याची कसोटी पाहिली आहे. राजदूतांचा दुभाष्या होण्याची स्वप्ने पाहिलेल्या या गृहस्थाला आपली नोकरी अपयशाची खूण वाटत आली आहे. तिच्यात काही रम्य आहे असे मिसेस दास सहज बोलून जातात, आणि या एका शब्दाने तो विरघळतो. छायाचित्रे पाठवण्यासाठी त्या पत्ता मागतात. तो मनात वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार रचू लागतो. समोरच्याच्या शब्दांत स्वतःची तहान वाचणे हा भाषांतरकाराचा सर्वांत जुना दोष, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या या सज्जनाच्या ठिकाणी तो लेखिकेने निष्ठुर पण उपहासरहित दृष्टीने टिपला आहे.

टेकडीच्या पायथ्याशी मिसेस दास आपले आठ वर्षांचे गुपित त्याला सांगतात: मधला मुलगा बॉबी पतीचा नाही. त्यांना उपाय हवा आहे. आता चूक त्यांची होते. दुभाष्या दुखणे वैद्यापर्यंत पोचवतो, ते बरे करीत नाही. यावर कापसी विचारतात की, ही वेदना आहे की अपराधाची जाणीव? निदान कदाचित अचूक असेल. पण त्या क्षणी तो दुभाष्याची जागा सोडून न्यायाधीशाच्या जागी बसतो, आणि त्या अपमानित होऊन निघून जातात. कोण बरोबर, हे कथा सांगत नाही. तिचे सामर्थ्य या न सांगण्यात आहे.

ही कथा मराठीत आणू पाहणाऱ्याला हे पेच अधिक स्पष्ट दिसतील. ‘मॅलडी’ला ‘रोग’ म्हटले तर ती केवळ शरीराची होते, ‘व्याधी’ म्हटले तर पोथीतली. ‘दुखणे’ हा शब्द शरीर व मन दोन्ही कवेत घेतो. शिवाय शीर्षकातला हाच शब्द कापसींच्या प्रश्नात परत आणता येतो. इंग्रजीत तेथे दोन निराळे शब्द आहेत. मराठीत दुभाष्या जणू आपल्या धंद्याच्या नावावरच शंका घेतो. इंग्रजी सर्वनामाला मात्र जे झाकता येते, ते मराठीला झाकता येत नाही. कापसी तोंडाने ‘तुम्ही’च म्हणतील, पण मनातल्या मनात ते ‘तू’वर कधी येतात, हे अनुवादकाला ठरवावे लागेल, आणि त्या एका निवडीत त्यांच्या साऱ्या भ्रमाचे माप असेल.

शेवट थोडा बेतल्यासारखा वाटतो. आईच्या हातून सांडत गेलेल्या चुरमुऱ्यांमागे माकडे लागावीत आणि त्यांनी नेमके बॉबीलाच घेरावे, यात योगायोगापेक्षा योजना अधिक दिसते. तथापि त्यानंतरचा एक क्षण हा दोष भरून काढतो. घाबरलेल्या मुलाला उचलून आणताना त्याच्या कानात ते गुपित सांगावे असा मोह कापसींना होतो, आणि ते सांगत नाहीत. पुढे पत्त्याची चिठ्ठी वाऱ्यावर उडून जाते. ती फक्त त्यांनाच दिसते, आणि तेव्हाही ते गप्प राहतात. दिवसभर अर्थ लावीत आलेल्या माणसाने केलेले सर्वांत प्रामाणिक काम म्हणजे हे दोन वेळचे मौन.

लाहिरी पुढे इटालियनमध्ये लिहू लागल्या; त्या भाषेतली आपली कादंबरी त्यांनी स्वतः इंग्रजीत आणून २०२१ साली प्रसिद्ध केली, आणि २०२२ साली अनुवादावरील निबंधांचे पुस्तक दिले. या वाटचालीच्या प्रकाशात ही कथा स्थलांतरितांच्या सदरात बसवून ठेवणे अन्यायाचे होईल. अनेक भाषांच्या या देशात परस्परांची दुखणी परस्परांपर्यंत नेण्याचा व्यवसाय पत्करलेल्यांना ती एक कठीण प्रश्न विचारते: सर्व काही समजल्यावर, त्यातले किती पोचवावे?