स्तंभ खरे, रंग कोणाचे?

शाळेच्या प्रयोगशाळेत खगोलशास्त्राचे एखादे चित्र लावायचे झाले, तर गरुड तेजोमेघातील ‘निर्मितीचे स्तंभ’ हमखास निवडले जातात. सुमारे ६५०० प्रकाशवर्षे दूर असलेले हे वायू व धुळीचे स्तंभ हबल अवकाश दुर्बिणीने १९९५ साली टिपले. २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने त्यांचेच नवे चित्र पाठवले. ही दोन चित्रे शेजारी ठेवली की आकाशनिरीक्षण कोणत्या वाटेने चालले आहे ते कळते. आणि ती आपण मुलांना कशी दाखवतो, याबद्दल एक तक्रारही करावीशी वाटते.

आधी हबलचे चित्र घेऊ. मूळ नोंदी कृष्णधवल होत्या. ऑक्सिजनचा ५०१, हायड्रोजनचा ६५६ आणि गंधकाचा सुमारे ६७२ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वेगवेगळ्या फिल्टरमधून टिपला गेला. पुढे या नोंदींना अनुक्रमे निळा, हिरवा व तांबडा रंग दिला. वास्तविक हायड्रोजन आणि गंधक या दोहोंचा हा प्रकाश तांबडाच आहे. मग हिरवा का? दोन्ही तांबडे ठेवले असते, तर कोणता वायू कोठे आहे हे वेगळे ओळखता आले नसते. नकाशात उंचीनुसार रंग भरतात, तसाच हा प्रकार आहे. त्याला लबाडी म्हणता येणार नाही.

वेबचे चित्र याच्याही पुढे जाते. ते अवरक्त प्रकाशात, म्हणजे डोळ्यांना मुळीच न दिसणाऱ्या प्रकाशात घेतलेले आहे. हा प्रकाश धुळीतून बराच आरपार जातो. म्हणून हबलच्या चित्रात भरीव वाटणारे स्तंभ येथे विरळ दिसतात आणि त्यांच्या कडांशी नवजात तारे उघडे पडतात. रंग देताना कमी तरंगलांबीला निळा आणि जास्त तरंगलांबीला तांबडा, हा क्रम पाळलेला आहे. पट्टी बदलून गायलेले गाणे खोटे नसते. पण पट्टी बदलली आहे, हे ऐकणाऱ्याला सांगायला हवे.

तक्रार नेमकी येथे आहे. रंग कोणत्या नियमाने दिले, याची माहिती दुर्बिणी चालवणाऱ्या संस्था देतात. भित्तिचित्र किंवा दिनदर्शिका छापताना ती गळते आणि उरते फक्त ‘अद्भुत विश्व’. मग आकाशदर्शनाच्या रात्री लहान दुर्बिणीतून मृगातील तेजोमेघ पाहणाऱ्या मुलाला करडा, धुरकट ठिपका दिसतो आणि ते विचारते, “सर, रंग कुठे आहेत?” मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आपली फसवणूक झाली असे त्याला वाटले, तर दोष त्याचा नाही.

हा प्रश्न यापुढे वाढणारच आहे. वेबने २०२२ मध्ये वास्प-३९बी या परग्रहाच्या वातावरणात कार्बन डायॉक्साइड शोधला, तो कोणत्याही देखण्या चित्रात नव्हे, आलेखावरच्या ४.३ मायक्रॉनजवळील एका उंचवट्यात. आपल्या खोडदच्या ‘जीएमआरटी’च्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना रेडिओलहरी टिपतात. त्यांनाही रंग नसतोच. उद्याचे महत्त्वाचे शोध असेच, आकड्यांतून आणि आलेखांतून येणार असतील, तर केवळ सुंदर चित्रांवर वाढलेला विद्यार्थी त्यांच्यापाशी थबकेल.

म्हणून भिंतीवरचे चित्र काढू नका. त्याखाली तीन प्रश्न लिहा : हा प्रकाश कोणत्या तरंगलांबीचा? रंग कोणत्या नियमाने दिले? तेथे जाऊन पाहिले तर काय दिसेल? उत्तरे शोधताना वर्णपटाचा अख्खा धडा शिकवून होईल आणि चित्राचे सौंदर्यही तसूभर कमी होणार नाही.