घारापुरीच्या मुक्या तोफा

चेंबूरच्या दक्षिणेस, माहुलच्या पलीकडे, मुंबई बंदराच्या पाण्यांत घारापुरीचें बेट आहे. तेथील लेण्यांविषयीं पंडितांनीं विपुल लिहिलें आहे. परंतु डोंगरमाथ्यावर इंग्रजी अमदानींतील ज्या दोन प्रचंड तोफा आहेत, त्यांच्या वाट्यास बहुतेक प्रवासवर्णनांत एखादें ओझरतें वाक्य येतें.

या उपेक्षेचें कारण उघड आहे. दुर्गाची किंमत त्यानें दिलेल्या झुंजीवरून करावयाची आपणांस संवय आहे. १६७९ सालीं शिवछत्रपतींच्या माणसांनीं खांदेरी इंग्रजांविरुद्ध लढवून राखली, म्हणून ती आपल्या स्मरणांत राहिली. घारापुरीच्या तोफांपाशीं अशी कथा नाहीं; दोन्ही महायुद्धांत शत्रूची एकही युद्धनौका मुंबईवर चालून आली नाहीं.

परंतु हें माप आम्हांस सदोष वाटतें. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्रीं ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेनें मद्रासवर मारा करून बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्या पेटविल्या. बंदर राखणारांची भीति कांहीं काल्पनिक नव्हती. किनाऱ्यावरील तोफेचें मुख्य कार्य गोळा टाकणें नसून शत्रूस येऊं न देणें हें होय. तेव्हां तिचें मौन हा तिचा दोष म्हणतां येणार नाहीं.

दोष दाखवावयाचा तर तो निराळाच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजास आग लागली. त्याच्या पोटांत सुमारें १४०० टन स्फोटक द्रव्यें आणि कापसाचे गठ्ठे एकत्र भरलेले होते. स्फोटांनीं शेंकडों माणसें मेलीं व गोदी उद्ध्वस्त झाली. आणि तें जहाज शत्रूचें नव्हतें, सरकारच्याच पक्षाचें होतें. तोफेचा रोख बाहेरच्या शत्रूवर असतो. आपणच घरांत आणून ठेवलेल्या धोक्यापुढें तिचा इलाज चालत नाहीं.

चेंबूरकरांस हा मुद्दा परका वाटूं नये. १९५५ सालीं माहुलास बर्मा-शेलचा तेलशुद्धीचा कारखाना सुरू झाला. ‘एम्डेन’नें मद्रासेस जो माल जाळला, त्याच जातीचे साठे आज आपल्या दाराशीं आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्यें घारापुरीशेजारच्या जवाहर द्वीपावरील तेलाची टाकी पेटली, ती तोफेच्या गोळ्यानें नव्हे, वीज पडून.

म्हणून घारापुरीवर लिहिणारांस आमची सूचना एवढीच कीं, लेण्यांचें सौंदर्य अवश्य वर्णावें. पण माथ्यावर पोहोंचल्यावर, या तोफा कोणत्या भयानें आणल्या आणि कोणत्या संकटापुढें त्या निरुपयोगी ठरल्या, हीं दोन वाक्यें तरी लिहावींत. मुलांस तोफेपाशीं उभें करून छायाचित्र काढणाऱ्या आईबापांस तीं त्यांना सांगतां येतील.