‘दुर्मिळ आढळ’ म्हणजे नक्की किती दुर्मिळ? हातातल्या व्हेरिएशनचे पेपर वाचताना

अ‍ॅनाटॉमीत संशोधन करायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘व्हेरिएशनवर घे, विषय सेफ आहे.’ कॅडॅव्हर कॉलेजात असतात, यंत्रं महाग नाहीत, आणि कोपर ते मनगट या भागात काही ना काही वेगळं सापडतंच. म्हणून या भागातल्या स्नायूंवर आणि नर्व्हवर पेपरांचा ढीग पडलेला आहे. त्यातल्या बऱ्याच पेपरांत विच्छेदन चांगलं असतं आणि फोटो स्वच्छ असतात. गोची होते ती मोजणीत. आज त्याबद्दल थोडं परखड बोलूया.

सुरुवात पामारिस लाँगसपासून. अंगठ्याचं आणि करंगळीचं टोक एकमेकांना टेकवा, मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी कंडरा वर आली, तर तुमच्याकडे हा स्नायू आहे. नाही आली, तर बहुधा नाही. ही शेफरची चाचणी. स्नायू नसला तरी रोजच्या कामात काही अडत नाही, म्हणून सर्जन त्याची कंडरा दुसरीकडे वापरायला मोकळे असतात.

आता दोन पेपर शेजारी ठेवा. 2001 साली ‘अल्स्टर मेडिकल जर्नल’मध्ये 300 गोऱ्या लोकांचा अभ्यास आला. त्यात 16 टक्के लोकांमध्ये एका हातात आणि 9 टक्के लोकांमध्ये दोन्ही हातांत स्नायू नव्हता, म्हणजे एकूण 25 टक्के. 2008 मध्ये 500 भारतीय रुग्णांचा अभ्यास आला. तिथे एका हातात 9.2 टक्के, दोन्ही हातांत 8 टक्के, एकूण 17.2.

हे आकडे माणसांचे आहेत. पहिल्या अभ्यासातले हात मोजले तर? 48 जणांचा एकेक हात आणि 27 जणांचे दोन-दोन, म्हणजे 600 पैकी 102 हात. झाले 17 टक्के! त्याच माणसांचे, त्याच चाचणीचे 25 चे 17 झाले. आता कोणी हा 17 उचलून भारतीय 17.2 शेजारी ठेवला, तर ‘दोन्हीकडे प्रमाण सारखंच’ असा निष्कर्ष निघेल. प्रत्यक्षात भारतीय अभ्यासातले हात मोजले तर 12.6 टक्के येतात. कॅडॅव्हरवरचे पेपर बहुतेक वेळा हात मोजतात, जिवंत माणसांवरचे माणसं मोजतात, आणि चर्चेच्या भागातल्या तक्त्यात सगळे एका रांगेत बसवले जातात. वाचताना आधी बघा: छेदात माणसं आहेत की हात?

दुसरा मुद्दा सॅम्पलचा. ‘30 कॅडॅव्हर, 60 हात’ ही आपल्याकडची नेहमीची रचना. समजा त्यातल्या 12 हातांत मार्टिन-ग्रूबर जोड सापडला, म्हणजे मीडियन नर्व्हकडून अल्नर नर्व्हकडे जाणारी फांदी. पेपरात छापून येतं 20 टक्के. पण 60 वर आधारलेल्या या 20 टक्क्यांचा पल्ला साधारण 10 ते 30 आहे. शिवाय एकाच माणसाचे दोन हात म्हणजे दोन स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत, त्यामुळे पल्ला आणखी रुंदावतो. आणि 60 हातांत एकही जोड सापडला नाही, तरी खरं प्रमाण 5 टक्क्यांपर्यंत असू शकतं. तरीही ‘आमच्या भागात हे प्रमाण जास्त आढळले’ अशी वाक्यं सर्रास लिहिली जातात. शिवाय ‘आमचा भाग’ कुठला? 1949 च्या अ‍ॅनाटॉमी कायद्याखाली बेवारस मृतदेहही कॉलेजांना मिळतात. जिथे त्या माणसाचं गावच माहीत नाही, तिथे त्याच्यावरून प्रदेशाबद्दल काय बोलणार?

तिसरा मुद्दा ‘दुर्मिळ’ या शब्दाचा. मार्टिनने हा जोड 1763 मध्ये वर्णन केला. 2016 च्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये त्याचं एकत्रित प्रमाण 19.5 टक्के आलं. अंगठा वाकवणाऱ्या लांब स्नायूचं जादा डोकं, म्हणजे गँट्झरचा स्नायू, मेटा-अ‍ॅनालिसिसनुसार 44.2 टक्के हातांत असतो. जवळपास दर दुसऱ्या हातातली गोष्ट ‘रेअर’ कशी? एकच हात, एक फोटो आणि शीर्षकात ‘रेअर’ असलेला पेपर हाती आला, तर विचारा: असे किती हात पाहिल्यावर हा सापडला? बहुतेक वेळा उत्तरच नसतं, कारण नेहमीच्या विच्छेदनात तो सहज दिसलेला असतो.

एवढा कीस का काढायचा? कारण हे आकडे पुढे रुग्णापर्यंत जातात. आपल्याजवळचंच उदाहरण घ्या. कुष्ठरोगात अल्नर नर्व्हला बहुतेक वेळा कोपरापाशी इजा होते आणि बोटं आकड्यासारखी वळतात. पनवेलजवळ नेऱ्याच्या शांतिवनात या आजाराच्या लोकांसाठी अनेक दशकं काम चाललं आहे. मुंबईचे प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी अशी बोटं सरळ करण्यासाठी पामारिस लाँगसच वापरला: त्याला कंडऱ्याचा तुकडा जोडून त्याची ओढ बोटांपर्यंत न्यायची. म्हणजे तो स्नायू आहे की नाही, यावर शस्त्रक्रियेचा बेत ठरतो. आता वरची चाचणी आठवा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवायला मीडियन आणि अल्नर दोन्ही नर्व्ह शाबूत लागतात. ज्याच्या हाताला या शस्त्रक्रियेची गरज आहे, त्याला ती चाचणी नीट करताच येत नाही! धडधाकट लोकांवर चाचणी करून ‘सर्जनना उपयोग होईल’ असं शेवटी लिहिणारे पेपर याबद्दल क्वचितच बोलतात.

तसंच मार्टिन-ग्रूबरचं. नर्व्ह कंडक्शन करताना अल्नर नर्व्हला मनगटाशी उत्तेजन दिलं की मोठा प्रतिसाद येतो, कोपराशी दिलं की लहान. जोड असेल तर हे निरोगी हातातही होतं, कारण काही तंतू कोपराच्या खाली येऊन मिळालेले असतात. हे लक्षात घेतलं नाही, तर कोपरात नसलेला ‘ब्लॉक’ रिपोर्टवर येतो. उलट, कोपरात खरंच इजा असूनही याच तंतूंमुळे हाताची थोडी ताकद टिकू शकते आणि इजा किरकोळ वाटते.

मग या विषयावर काम करूच नये का? जरूर करा. एका हाताचा केस रिपोर्टसुद्धा उपयोगी असतो, फक्त त्याने टक्केवारीचा आव आणू नये. सिनॉप्सिस लिहिण्याआधी एवढं ठरवा: मोजणी माणसांची की हातांची (शक्यतो दोन्ही द्या, उजवा-डावा वेगळा ठेवा), ‘नाही’ म्हणायचा निकष काय आणि तो दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तपासला का, काहीच न सापडलेले हातही नोंदले का, आणि टक्केवारीपुढे तिचा पल्ला लिहिला का. शरीररचनेच्या अभ्यासांसाठी 2017 मध्ये ‘अ‍ॅक्वा’ नावाची चेकलिस्ट आली आहे, ती प्रिंट काढून टेबलावर ठेवा.

नेरूळ, कामोठे किंवा कुठल्याही कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमध्ये टेबलावरचा तो हात कुणीतरी दान केलेला असतो, नाहीतर ज्याला विचारायला कोणी नव्हतं अशा माणसाचा असतो. त्याच्यावरून लिहिलेला आकडा निदान बरोबर मोजलेला असावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.