सावकाश चाललेली स्प्रिंट

१८९६च्या अथेन्स ऑलिम्पिकचा सायकलींचा निकालतक्ता मी कथेसारखा वाचतो. फ्रान्सच्या पॉल मासोंने ३३३.३३ मीटरची एक फेरी २४ सेकंदांत मारली. दोन किलोमीटरची स्प्रिंटही त्यानेच जिंकली, वेळ ४ मिनिटं ५८.२ सेकंद. म्हणजे निम्म्याहून कमी वेग! मला त्यात दमलेले पाय दिसत नाहीत, एकमेकांवर रोखलेले डोळे दिसतात.

आपलं क्रीडालेखन 'वाऱ्याच्या वेगाने' एवढं लिहून मोकळं होतं. स्प्रिंटमध्ये पुढे असणं अनेकदा तोट्याचं. पुढचा वारा कापतो, मागचा त्याच्या आडोशाला दम राखतो आणि शेवटी उसळी घेतो. मग पुढे जाणार कोण? १९०८ला लंडनमध्ये अंतिम शर्यत १ मिनिट ४५ सेकंदांच्या मर्यादेत संपली नाही, म्हणून ती रद्दच झाली. पदक कुणालाच नाही. वाट पाहणं हाही खेळच आहे, हे नियमाला मान्य नव्हतं.

विरार लोकलमधून भाईंदरला उतरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. दाराशी कधी सरकायचं, कुणाच्या पाठीमागे, यातच त्याचा अर्धा प्रवास जातो.

मासोंची ती पहिली चार मिनिटं कुणीतरी लिहायला हवीत. तक्त्यात फक्त बेरीज आहे.