ऑशविट्झमधला केर

'द झोन ऑफ इंटरेस्ट' मी पहिल्यांदा पाहिला तो मोबाईलवर, जेवता जेवता, इअरफोन न लावता. चूक झाली. बागेत फुलं, तलावात मुलं, टेबलावर केक. काही घडतच नाहीये असं वाटत राहिलं. दुसऱ्यांदा इअरफोन लावले आणि कळलं, की सगळं कानात घडतंय. भिंतीपलीकडून किंकाळ्या, गोळ्यांचे आवाज आणि कधीच न थांबणारी घरघर.

जोनाथन ग्लेझरचा हा २०२३चा सिनेमा ऑशविट्झचा कमांडंट रुडॉल्फ ह्योस, त्याची बायको हेडविग आणि त्यांच्या पाच मुलांच्या घरात घडतो. बागेची भिंत हीच छावणीची भिंत. पलीकडे सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, त्यातली जवळपास १० लाख ज्यू. ते मारणं कॅमेरा दाखवत नाही.

शेवट मात्र वेगळा आहे (स्पॉयलर आहे, पण या सिनेमाचं रहस्य कुणालाच नवं नाही). ह्योस जिन्यात थांबतो, ओकाऱ्या काढतो, अंधाऱ्या बोळाकडे बघतो. कट. एक दार उघडतं आणि आजच्या ऑशविट्झ संग्रहालयात सफाई कामगार बायका आत येतात. गॅस चेंबरची फरशी झाडतात, भट्ट्या पुसतात. बुटांच्या ढिगाऱ्यासमोरच्या काचा लख्ख करतात. व्हॅक्यूम क्लीनर फिरतो. मग पुन्हा ह्योस, आणि तो जिना उतरून जातो.

या शेवटाचे दोन अर्थ मी सतत ऐकले. एक, इतिहासाने ह्योसचा निकाल लावला. दुसरा, एवढा मोठा संहारसुद्धा शेवटी काचेमागची वस्तू झाला, कुणाची तरी रोजची ड्युटी झाला. दोन्ही मला अपुरे वाटतात, कारण दोन्हींत त्या बायका नुसत्या ये-जा करणाऱ्या ठरतात. माझ्या मते त्याच शेवटाच्या केंद्रस्थानी आहेत.

सिनेमा मागे नेऊन बघा. तो साफसफाईने भरलेला आहे. ह्योसचे बूट नळाखाली धुतले जातात आणि पाणी लाल होतं. नदीत राख वाहत येते, तर मुलांना घरी आणून घासूनपुसून आंघोळ घालतात. बागेतल्या मातीत राख मिसळली जाते. मोलकरणी दिवसभर काहीतरी पुसत असतात. ह्योसच्या घरात सफाई म्हणजे पुरावा नाहीसा करणं. शेवटच्या दृश्यात तीच कृती, तसाच फडका, जवळपास तशीच घरघर. पण हेतू उलटा. इथे पुसायचं ते पुरावा टिकावा म्हणून.

आणि पुरावा आपोआप टिकत नाही. बिर्केनाउमधली गॅस चेंबर्स जानेवारी १९४५मध्ये पळून जाताना नाझींनीच सुरुंगाने उडवली. १९४७मध्ये तिथे संग्रहालय झालं, तेव्हापासून ते अवशेष अवशेष म्हणूनच सांभाळावे लागतात. नव्याने बांधायचं नाही, पण कोसळूही द्यायचं नाही. संग्रहालयात सुमारे १ लाख १० हजार बूट आहेत, त्यात लहान मुलांचे सुमारे ८ हजार. त्यांची धूळ काढतात, चामडं आणखी सडू नये म्हणून उपाय करतात. नवे दिसावेत म्हणून दुरुस्त करत नाहीत. बायकांच्या कापलेल्या केसांवर मात्र असे उपाय करत नाहीत. तो मानवी देहाचा भाग आहे, त्याची हळूहळू माती होऊ द्यायची. म्हणजे जपताना रोज ठरवावं लागतं: काय थांबवायचं आणि काय जाऊ द्यायचं.

मी सॉफ्टवेअरमध्ये मेंटेनन्सचं काम करतो. ज्याची लॉगमध्ये नोंद नाही, ते सिस्टिमच्या लेखी घडलेलंच नसतं. ऑशविट्झला आणलेल्या बहुतेक ज्यूंना गाडीतून उतरवून, नोंद न करता, थेट गॅस चेंबरमध्ये नेलं. नंबर नाही, फोटो नाही. इथे माझी ग्लेझरविषयी तक्रार आहे. त्याचा कॅमेरा बुटांवरून कैद्यांच्या फोटोंच्या बोळात सहज जातो, जणू हे चेहरे त्या बुटांचेच. पण फोटो निघाले ते नोंद झालेल्या कैद्यांचे. बूट राहिले त्यातल्या बहुतेकांचा चेहरा कुठल्याच भिंतीवर नाही. त्यांच्यासाठी तो बूट हीच नोंद. म्हणून त्याच्यासमोरची काच पुसणं हे किरकोळ काम नाही.

हे काम रुटीन होतं, हा आक्षेप मला मान्य आहे. गॅस चेंबर झाडताना त्या बाईच्या डोक्यात संध्याकाळच्या भाजीचा विचार असेलही. असू दे. ह्योसचं रुटीन न बघण्यासाठी होतं. हिचं रुटीन दुसऱ्या दिवशी येणाऱ्याला दिसावं म्हणून आहे.

आता एक पुढची गोष्ट. सिनेमा खऱ्या घरात चित्रित झालेला नाही. खऱ्या घरात युद्धानंतर अनेक वर्षं एक पोलिश कुटुंब राहत होतं. २०२४मध्ये 'काउंटर एक्स्ट्रीमिझम प्रोजेक्ट' या संस्थेने ते विकत घेतलं आणि जानेवारी २०२५मध्ये, छावणीच्या मुक्ततेला ८० वर्षं झाली तेव्हा, त्याचं दार लोकांसाठी उघडलं. तिथे काय जपायचं? घर सुंदर ठेवलं तर ते हेडविगचं स्वप्न जपणं होईल. पाडलं तर ह्योस कुटुंब भिंतीच्या किती जवळ सुखाने जेवत होतं, ते उद्या कुणाला पटणार नाही. मला वाटतं, घर ठेवावं, झाडावं, पुसावं, आणि छावणीकडे बघणाऱ्या खिडकीला पडदा लावू नये.