पत्रकातली साखर आणि घरातली साखर

मधुमेहाची माहिती देणारी चार मराठी पत्रके वर्षभरात आमच्या घरी जमा झाली. आमच्याकडे राहणाऱ्या आत्यांना (वय ७८) वीस वर्षे मधुमेह आहे, त्यामुळे ती आम्ही बारकाईने वाचली. अशीच पत्रके शाळांतही वाटली जातात आणि भित्तीपत्रकांसाठी उतरवून घेतली जातात. म्हणून त्यांची चिकित्सा शिक्षकांपुढे मांडावीशी वाटते.

पत्रकांतली बरीचशी माहिती बरोबर आहे. पायांची निगा, चालणे, डोळ्यांची तपासणी यांवर योग्य भर आहे. पण चारही पत्रकांना धोका दिसतो तो एकाच दिशेचा, साखर वाढण्याचा. साखर उतरण्याबद्दल कुठे एक ओळ, कुठे तीही नाही.

याची किंमत आम्ही मोजली आहे. गेल्या आषाढी एकादशीला आत्यांनी सकाळची गोळी नेमाने घेतली आणि कडक उपास केला. दुपारी त्या असंबद्ध बोलू लागल्या. ‘वय झालं’ असे म्हणून आम्ही त्यांना निजवणार होतो. सहज म्हणून ग्लुकोमीटर लावला, तर आकडा ४८! विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या आम्हांला हे आधी सुचले नव्हते.

खरे तर कारण सोपे आहे. सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न आहे की नाही, हे गोळी पाहत नाही. उतारवयात मूत्रपिंडे मंदावली की यांतली काही औषधे शरीरात जास्त काळ रेंगाळतात. घाम, थरथर, धडधड या सूचनाही क्षीण होतात आणि पहिले लक्षण दिसते ते गोंधळाचे, कारण मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोजच.

दुसरा आक्षेप आकड्याविषयी. ‘एचबीए१सी ७ च्या आत ठेवा’ असे पत्रके सरसकट सांगतात. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून ही तपासणी दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. पण सरासरीत चढउतार लपतात, हे गणिताच्या शिक्षकांना सांगायला नको. ‘अकॉर्ड’ या अभ्यासात दहा हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यातल्या एका गटाचा आकडा ६ च्या खाली आणण्याचा प्रयत्न होता. त्या गटात मृत्यू जास्त आढळल्याने ते कडक उपचार २००८ मध्ये थांबवावे लागले. आज इतर व्याधी असलेल्या वृद्धांसाठी ८ च्या आसपासचे उद्दिष्टही मान्य केले जाते. ते डॉक्टरांनी माणूस पाहून ठरवायचे असते.

दुपारी घरी आजी-आजोबांजवळ पुष्कळदा शाळकरी नातवंडेच असतात. त्यांना एवढे तरी शिकवावे: साखर ७० च्या खाली असेल, किंवा ग्लुकोमीटर नसताना तशी शंका आली, तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, बरे वाटल्यावर काही खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तातडीने दवाखाना गाठावा. आणि गोळ्या चालू असताना उपास करायचा तर आधी डॉक्टरांना विचारावे.

पत्रकाच्या पुढच्या आवृत्तीत या चार ओळी याव्यात. तोवर त्या फळ्यावर लिहायला काय हरकत आहे?