निर्मला पटवर्धन यांचा मृत्तिकापाठ : एक चिकित्सा

नाशिक व संगमनेरजवळील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये सांकळिया आणि देव यांनी उत्खनन केले. तेथे मिळालेली तांबूस अंगाची, काळ्या रेखाटनाची जोर्वे शैलीची खापरे भाजणीच्या दृष्टीने उत्कृष्ट आहेत; परंतु ती घडविणाऱ्यांची कृती कोठेही नोंदलेली नाही. ही विद्या हातातून हातात जाते आणि हात थांबला की खुंटते. निर्मला पटवर्धन यांच्या कार्याचे मूल्यमापन या पार्श्वभूमीवर व्हावयास हवे.

शांतिनिकेतनात कलाशिक्षण आणि बर्नार्ड लीच यांच्याकडे इंग्लंडमध्ये अनुभव, अशी त्यांची पायाभरणी होती. पुत्र आनंद पटवर्धन यांच्या ‘वसुधैव कुटुम्बकम्’ (२०२३) या चित्रपटामुळे त्या अनेकांना ठाऊक झाल्या, पण तेथे त्या प्रामुख्याने आई आहेत. त्यांच्यातील शिक्षिका भेटते ती ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ आणि त्याच्या ‘न्यू हँडबुक फॉर पॉटर्स’ (२००५) या नव्या रूपात.

झिलईची कृती हे कुंभारकामातील सर्वाधिक जपलेले गुपित. सिलिकेने काच बनते, चुना वा पोटॅशसारखे द्रावक तिला लवकर वितळवतात, ॲल्युमिना तिला ओघळू देत नाही. एवढे पाठ्यपुस्तकातही मिळते. अडचण पुढे असते. लीच यांच्या १९४० च्या ग्रंथातील इंग्लंडमधील खनिजे आपल्या बाजारात मिळत नाहीत. राखेचेही तसेच : भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका भरपूर, तर लाकडाच्या राखेत बहुधा चुना अधिक. म्हणजे परक्या कृतीची नक्कल केवळ दुर्दैवानेच नव्हे, रसायनशास्त्रानेही फसते. पटवर्धनांनी भारतीय कच्च्या मालावर प्रयोग केले आणि निष्कर्ष छापून सर्वांपुढे ठेवले. त्यांच्या घडविलेल्या भांड्यांइतकेच, माझ्या मते काकणभर अधिकच, या औदार्याचे मोल आहे.

तथापि हे औदार्य कोणापर्यंत पोहोचले? पुस्तक इंग्रजीत आहे. त्यातील उच्चतापी झिलईला १२०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते. कुंभारवाड्यातील उघडा आवा साधारणतः हजार अंशांच्या आतच राहतो. त्यामुळे ज्याच्या घरी चाक पिढ्यान्‌पिढ्या फिरले, तोच या पाठाबाहेर राहिला आणि शहरी स्टुडिओतील हौशी विद्यार्थी आत आला. हा दोष एकट्या लेखिकेचा नव्हे. मातीच्या घड्याला हात लावताना जातीची आठवण ठेवणारा समाज आणि कारागिराला अभ्यासक्रमाबाहेर ठेवणारी आमची महाविद्यालये त्यात भागीदार आहेत. नाशिकचा काळा कातळ बारीक दळून भट्टीत पुरेसा तापविला, तर लोहामुळे तपकिरी-काळी झिलई मिळू शकते. हा प्रयोग रसायनशास्त्र विभाग आणि कुंभार यांनी एकत्र करण्याजोगा आहे. त्याची नोंद मात्र मराठीत व्हावी. त्यासाठी ‘ग्लेझ’ला झिलई म्हणावे की काचलेप, हे आधी ठरवावे लागेल.